विद्यापीठाचे दार आणि वर्गातील आसन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी मला शिक्षण या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. जुनी मॅट्रिक आणि अध्यापनाची पदविका एवढ्या शिदोरीवर ज्याने सारी हयात मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात घालविली, त्याने विद्यापीठीय शिक्षणावर बोलावे हे कोणास धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्यांना विद्यापीठाच्या पायऱ्या चढण्याचा योग आला नाही, त्यांना त्या पायऱ्यांचे मोल अंमळ अधिकच कळते, असे मी नम्रपणे सुचवितो. म्हणून आज मी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील विद्यापीठांची कथा सांगणार आहे. केवळ वर्णाने काळी म्हणून ज्या मुलांना तेथे प्रवेश नव्हता, ती मुले आत कशी गेली आणि आत गेल्यावर त्यांच्या वाट्यास काय आले, याची ही हकीकत आहे.

इतक्या दूरची गोष्ट येथे कशासाठी, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु मराठी माणसाचे या प्रश्नाशी नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कोणास अर्पण केला? गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना! तसेच, शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन कोपऱ्यात वेगळे बसावे लागलेला एक मुलगा पुढे बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१५ साली तेथून एम.ए. झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तरेकडील ज्या न्यूयॉर्क शहरात विद्येचे दार मोकळे मिळाले, त्याच देशाच्या दक्षिण भागात तेथील भूमिपुत्रांना त्या काळी आपल्याच राज्याच्या विद्यापीठात पाऊल ठेवता येत नव्हते. इतिहासाचा हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली आणि १८६८ साली घटनेत चौदावी दुरुस्ती होऊन सर्व नागरिकांना कायद्याच्या समान संरक्षणाचे वचन मिळाले. परंतु वचन कागदावर राहिले. १८९६ साली लुईझियाना राज्यातील रेल्वेच्या डब्यांविषयीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गोऱ्यांचा डबा वेगळा आणि काळ्यांचा वेगळा असला, तरी दोन्ही डबे सारखे असल्यास समानतेचा भंग होत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व त्या निर्णयाने रूढ झाले. आगगाडीच्या डब्यातून ते शाळेत गेले आणि शाळेतून विद्यापीठात. केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक महाविद्यालय होते. तेथे गोरी आणि काळी मुले आपखुशीने एकत्र शिकत. १९०४ साली त्या राज्याने कायदा करून तेही बंद पाडले आणि १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. म्हणजे वेगळे बसणे ही केवळ रूढी राहिली नाही. ज्यांना एकत्र बसावयाचे होते त्यांनाही राजसत्तेने बळेच वेगळे केले.

या ‘समान’ शब्दात किती पोकळपणा होता, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या कायदेपंडिताचे नाव अग्रगण्य आहे. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झाले होते. तेथील कायद्याच्या महाविद्यालयाची धुरा ह्यूस्टन यांनी सांभाळली आणि समाजासाठी लढणारे वकील तेथे घडविले. त्यांचे सर्वांत नाव काढलेले शिष्य म्हणजे थर्गुड मार्शल. मार्शल हे बाल्टिमोरचे. परंतु त्यांच्या घरच्या मेरीलँड विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नसल्याने त्यांना हॉवर्डची वाट धरावी लागली आणि १९३३ साली ते तेथून वकील होऊन बाहेर पडले.

गुरुशिष्यांनी लढ्याची जी आखणी केली ती मोठी विचारपूर्वक केलेली होती. त्यांनी प्रथम लहान मुलांच्या शाळांना हात घातला नाही. वकिली, अध्यापनशास्त्र यांसारख्या उच्च आणि व्यावसायिक शिक्षणापासून आरंभ केला. याची कारणे व्यवहारी होती. प्राथमिक शाळा वेगळी काढणे राज्याला सोपे होते. पण एका-दोघा विद्यार्थ्यांसाठी कायद्याचे संपूर्ण महाविद्यालय उभारणे कोणत्याही तिजोरीला परवडणारे नव्हते. शिवाय निर्णय देणारे न्यायाधीश स्वतः अशाच महाविद्यालयांत शिकलेले. चांगले विधि महाविद्यालय म्हणजे काय, हे त्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. तटबंदी जेथे सर्वांत अशक्त तेथेच पहिला सुरुंग लावावा, हा तो डाव होता.

पहिले यश मेरीलँडमध्येच आले. डोनाल्ड मरे या तरुणाला १९३५ साली न्यायालयाच्या आज्ञेने तेथील विधि महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि १९३६ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या महाविद्यालयाने मार्शलना जागा दिली नसती, त्याचे दार मार्शल यांनी आपल्या गुरूच्या साहाय्याने दुसऱ्यासाठी उघडले.

त्यापुढचा खटला लॉइड गेन्स या मिसूरीच्या तरुणाचा. तो कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या लिंकन विद्यापीठाचा पदवीधर. त्याला कायदा शिकावयाचा होता. राज्य म्हणाले, ‘तू शेजारच्या राज्यात जाऊन शीक, शुल्क आम्ही देऊ.’ वरकरणी हे औदार्यच वाटते. परंतु १२ डिसेंबर १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोऱ्या विद्यार्थ्याला जी सोय राज्याच्या हद्दीत मिळते, ती काळ्या विद्यार्थ्यालाही त्याच हद्दीत मिळाली पाहिजे. आपले कर्तव्य राज्याला शेजाऱ्याच्या दारात टाकता येणार नाही. खटला जिंकला, पण गेन्स वर्गात कधीच बसला नाही. १९ मार्च १९३९ रोजी तो शिकागोतील आपल्या मुक्कामाच्या जागेवरून बाहेर पडला, तो पुन्हा कोणालाही दिसला नाही. त्याचे काय झाले, हे गूढ आजवर उकललेले नाही. मिसूरी विद्यापीठाने २००६ साली त्याला कायद्याची सन्माननीय पदवी दिली. ती घ्यावयास तो नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लढा अधिक तीव्र झाला. हेमन स्वेट हा टेक्सास राज्यातील टपाल वाटणारा पोस्टमन. १९४६ साली त्याने टेक्सास विद्यापीठाच्या विधि महाविद्यालयात अर्ज केला. त्याला आत घ्यावे लागू नये म्हणून राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी एक निराळे विधि महाविद्यालय काढले. आरंभी ते चक्क तळघरातील खोल्यांत भरविण्यात आले. पुढे त्याचा विस्तार झाल्यावर न्यायालयापुढे दोहोंची तुलना मांडली गेली. गोऱ्यांच्या महाविद्यालयात १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी आणि ग्रंथालयात ६५,००० हून अधिक ग्रंथ. दुसरीकडे ५ पूर्णवेळ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० ग्रंथ आणि वकिलीची सनद मिळालेला माजी विद्यार्थी अवघा एक!

परंतु न्यायालय या आकड्यांवर थांबले नाही. उद्या राज्याने आणखी ग्रंथ विकत घेतले आणि आणखी अकरा प्राध्यापक नेमले, तर समानता येईल काय? न्यायमूर्तींनी सांगितले की, महाविद्यालयाचे मोठेपण ज्या गोष्टींत असते त्यांतील कित्येक मोजता येत नाहीत. अध्यापकवर्गाचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांची समाजातील प्रतिष्ठा, संस्थेची परंपरा, हे काही तराजूत घालून वाटून देता येत नाही. शिवाय टेक्सासच्या लोकसंख्येत शेकडा ८५ लोक ज्या वर्णांचे, त्या वर्णांच्या एकाही विद्यार्थ्याला नव्या महाविद्यालयात स्थान नव्हते. आणि उद्या वकील झाल्यावर स्वेटला ज्या न्यायाधीशांसमोर उभे राहावयाचे, ज्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावयाची, ते बहुतेक सारे त्याच शेकडा ८५ पैकी असणार. ज्यांच्यात वावरावयाचे त्यांच्यापासून तोडून वकील कसा घडवावा?

आता मी ज्या माणसाची हकीकत सांगणार आहे, तिच्यासाठीच मुख्यतः हा विषय मी घेतला. जॉर्ज मॅकलॉरिन हे ओक्लाहोमा राज्यातील एक निवृत्त अध्यापक. हयातभर शिकवून झाल्यावर अध्यापनशास्त्रात डॉक्टरेट करावी, अशी त्यांची इच्छा. त्यांना १९४८ साली न्यायालयाच्या निर्णयामुळे ओक्लाहोमा विद्यापीठात प्रवेश मिळाला. म्हणजे दार उघडले. पण आत काय झाले ते ऐका. वर्गाला लागून असलेल्या एका लहान बाजूच्या खोलीत त्यांच्यासाठी बाक ठेवले. तेथून त्यांनी शिक्षकाचे बोलणे ऐकावयाचे. ग्रंथालयात सर्वांच्या वाचनकक्षात बसावयाचे नाही. पोटमाळ्यावर त्यांच्यासाठी नेमून दिलेल्या मेजापाशी बसावयाचे. भोजनगृहात इतरांच्या वेळी जेवावयाचे नाही. निराळ्या वेळी, निराळ्या मेजावर. पुढे खटला चालू असताना त्यांना वर्गाच्या खोलीत घेतले, परंतु त्यांच्या जागेभोवती कठडा उभारून काळ्यांसाठी राखीव अशी पाटी लावली. तो कठडाही पुढे काढला. तरीही वर्गात, ग्रंथालयात आणि भोजनगृहात त्यांची जागा वेगळी नेमलेलीच राहिली.

श्रोतेहो, आपण शिक्षकाच्या दृष्टीने क्षणभर याचा विचार करा. त्यांना तेच पुस्तक मिळत होते, तेच व्याख्यान कानावर पडत होते, परीक्षेचा कागदही तोच होता. मग कमी काय होते? शेजारी नव्हता. ज्याला एखादी गोष्ट कळली नाही तर हळूच विचारावे, ज्याच्याशी तास संपल्यावर वाद घालावा, असा सहाध्यायी नव्हता. वर्गात मुलाने शिकलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी त्याने फळ्यापेक्षा शेजारच्या मुलाकडून घेतलेल्या असतात, हे कोणताही जुना शिक्षक सांगेल. मॅकलॉरिन यांच्यापासून हिरावून घेतले होते ते नेमके हेच.

५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वेट आणि मॅकलॉरिन या दोन्ही खटल्यांचे निर्णय एकमताने दिले. मुख्य न्यायमूर्ती फ्रेड व्हिन्सन होते. मॅकलॉरिन यांच्या निकालात न्यायालयाने म्हटले की, अशा बंधनांमुळे अभ्यास करणे, इतरांशी विचारविनिमय करणे आणि एकंदरीत आपला व्यवसाय शिकणे या गोष्टींत बाधा येते. त्यापुढे न्यायालयाने जे सांगितले ते प्रत्येक शिक्षकाने ध्यानी ठेवावे असे आहे. हा माणूस पुढे इतरांना शिकविणार आहे. त्याच्या हाताखाली जी मुले येतील त्यांच्या शिक्षणावरही याच्या अपुऱ्या शिक्षणाचा परिणाम होणार आहे. एका शिक्षकाला कोपऱ्यात बसविणे म्हणजे त्याच्या साऱ्या भावी विद्यार्थ्यांना कोपऱ्यात बसविणे होय, असा त्याचा मथितार्थ.

राज्याच्या बाजूने मांडण्यात आले की, कठडा काढला तरी इतर विद्यार्थी त्यांच्याशी बोलतील कशावरून? त्यावरचे उत्तर फार मार्मिक आहे. कोणी आपल्या मर्जीने बोलला नाही, तर ती एक गोष्ट. पण बोलण्याची संधीच राज्याने कायद्याने काढून घ्यावी, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. कठडा निघाला म्हणजे निदान त्या माणसाला स्वतःच्या गुणांवर सहाध्यायांची मैत्री जिंकण्याचा अवसर तरी मिळतो. कायदा मैत्री देऊ शकत नाही. मैत्रीच्या आड येणारा कठडा तेवढा तो हलवू शकतो. कायद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा इतक्या नेमकेपणाने सांगितलेली मी अन्यत्र फारशी वाचली नाही.

या दोन निकालांच्या पायावरच पुढे १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या वेळी १७ राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा कायद्याने सक्तीच्या होत्या. शिक्षणाच्या क्षेत्रात ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला थारा नाही, असे न्यायालयाने एकमुखाने सांगितले. तो खटला लढविणाऱ्यांचे अग्रणी थर्गुड मार्शलच होते. गुरू ह्यूस्टन मात्र १९५० सालीच निवर्तले होते. ज्या वृक्षाचे बीज त्यांनी पेरले, त्याचे फळ त्यांच्या डोळ्यांस दिसले नाही.

निकाल लागला, परंतु दक्षिणेतील विद्यापीठे निकालाने उघडली नाहीत. तेथे एकेका विद्यार्थ्याला आपला देह घेऊन दाराशी उभे राहावे लागले. ऑथरिन ल्यूसी ही तरुणी फेब्रुवारी १९५६ मध्ये अलाबामा विद्यापीठात दाखल झाली. तिला ग्रंथालयशास्त्र शिकावयाचे होते. ६ फेब्रुवारी रोजी जमावाने तिचा पाठलाग केला, तिच्यावर अंडी फेकली आणि ती जेथे शिरली त्या इमारतीला गराडा घातला. पोलिसांच्या गाडीतून तिला सोडवावे लागले. यावर विद्यापीठाने काय करावे? दंगल करणाऱ्यांना आवरण्याऐवजी तिच्याच सुरक्षिततेचे कारण पुढे करून तिला स्थगित केले आणि तिच्या वकिलांनी अधिकाऱ्यांवर आरोप केले म्हणून थोड्याच दिवसांत तिला काढूनही टाकले. दगड मारणारे वर्गात राहिले आणि दगड खाणारी बाहेर गेली.

१९६१ सालच्या जानेवारीत जॉर्जिया विद्यापीठात शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स यांना न्यायालयाच्या हुकुमाने प्रवेश मिळाला. काही दिवसांतच हंटरच्या वसतिगृहावर जमाव चालून आला आणि विटांनी खिडक्या फुटल्या. त्या दोघांनाही विद्यापीठाने स्थगित केले, परंतु न्यायालयाने त्यांना लागलीच परत घ्यावयास लावले. १९६३ साली दोघेही पदवीधर झाले. पुढे होम्स अस्थिरोगतज्ज्ञ शल्यचिकित्सक झाले आणि हंटर नामांकित पत्रकार.

सर्वांत भीषण प्रसंग मिसिसिपी विद्यापीठातील. जेम्स मेरेडिथ हा हवाई दलात नऊ वर्षे सेवा केलेला तरुण. कॉन्स्टन्स बेकर मॉटली या विदुषी वकिलांनी त्याची बाजू लढविली. न्यायालयाने प्रवेशाचा हुकूम दिला. राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी तो मानण्याचे नाकारले. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल पेटली. संघराज्याचे मार्शल जखमी झाले, एका फ्रेंच पत्रकारासह दोन माणसे प्राणास मुकली आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हजारो सैनिक धाडावे लागले. एका विद्यार्थ्याचे नाव पटावर चढविण्यासाठी सैन्य! दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, मेरेडिथचे नाव नोंदले गेले. पुढचे महिने तो पहाऱ्यात शिकला. त्याच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर मुले रात्री-बेरात्री चेंडू आपटीत बसत. तो जेवावयास बसला की आसपासचे पाठ फिरवीत. अशा एकांतवासात त्याने ऑगस्ट १९६३ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेतली.

मेरेडिथच्या आधी त्याच राज्यात क्लाइड केनर्ड नावाचा एक माजी सैनिक होऊन गेला. कोरियाच्या युद्धात सेवा केलेला हा तरुण शिकागो विद्यापीठात शिकत होता. घरच्या अडचणीमुळे आईच्या मदतीस गावी परतला आणि कोंबड्या पाळून उदरनिर्वाह करू लागला. राहिलेले शिक्षण घराजवळच्या मिसिसिपी सदर्न महाविद्यालयात पुरे करावे, एवढीच त्याची मागणी. त्याने पुनःपुन्हा अर्ज केले. १९६० साली त्याच्यावर २५ डॉलर किमतीच्या कोंबड्यांच्या खाद्याच्या चोरीचा खोटा आरोप ठेवून त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. तुरुंगात कर्करोगाने त्याला ग्रासले. १९६३ साली सुटका झाली ती मरणाच्या उंबरठ्यावर. ४ जुलै रोजी तो वारला. २००६ साली न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले आणि २०१८ साली त्याच संस्थेने, जी आता विद्यापीठ झाली आहे, त्याला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली. न्याय मिळाला खरा, पण तो ज्याला हवा होता त्याला मिळाला नाही.

सर्वत्र रक्तच सांडले असे मात्र नाही. २८ जानेवारी १९६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातील क्लेमसन महाविद्यालयात हार्वे गँट हा विद्यार्थी शांतपणे दाखल झाला. पुढे तो वास्तुविशारद झाला आणि शार्लट शहराचा महापौरही. जबाबदार माणसांनी मनावर घेतले तर दंगल अटळ नसते, एवढे यावरून दिसते. ११ जून १९६३ रोजी अलाबामा विद्यापीठात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभे राहिले. परंतु केंद्राच्या आज्ञेखाली आणलेल्या दलाच्या सेनापतीने सांगताच त्यांना बाजूस व्हावे लागले आणि व्हिव्हियन मलोन व जेम्स हूड यांनी नावे नोंदविली. १९६५ साली मलोन त्या विद्यापीठाची पहिली कृष्णवर्णीय पदवीधर झाली. दरम्यान १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. वर्णभेद करणाऱ्या संस्थेचे केंद्रीय अनुदान बंद करण्याची तरतूद त्यात होती. जे उपदेशाने झाले नव्हते ते पुष्कळ अंशी अनुदानाच्या धाकाने झाले!

या मंडळींचे पुढे काय झाले? हेमन स्वेट खटला जिंकून वर्गात गेला, पण प्रकृती आणि संसार दोन्ही खचल्याने १९५२ साली पदवीविना बाहेर पडला. जेम्स हूडही दोन महिन्यांत विद्यापीठ सोडून गेला. मात्र तो परत आला आणि १९९७ साली त्याच विद्यापीठाचा डॉक्टर झाला. ऑथरिन ल्यूसीची हकालपट्टी १९८८ साली रद्द झाली आणि १९९२ साली तिने तेथूनच एम.ए. केले, तेही आपल्या मुलीने पदवी घेतली त्याच वर्षी. ओक्लाहोमात १९४९ साली विधि महाविद्यालयात प्रवेश मिळवून मागच्या बाजूला वेगळ्या खुर्चीवर बसलेली एडा लोइस सिप्युएल फिशर १९९२ साली त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळाची सभासद झाली. ज्या मंडळाविरुद्ध तिने खटला भरला होता, त्याच मंडळात तिला आसन मिळाले. आणि थर्गुड मार्शल १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

प्रश्न कायमचा मिटला, असेही समजू नये. प्रवेश देताना वर्णाचा विचार करावा की न करावा, यावर तेथे १९७८ सालापासून वाद चालत आला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा विचार करण्यास मनाई केली. त्यावर विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. परंतु कठडा काढणे ही एक गोष्ट आणि कठड्याने मागे ठेवलेले अंतर भरून काढणे ही दुसरी, एवढे त्या वादातून कोणाच्याही ध्यानात येईल.

आता या कथेतून आपण काय घ्यावे? मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली पालकांसाठी. मुलाला महागडे पुस्तक, उत्तम शिकवणी, सुसज्ज इमारत देता येते. तेवढ्याने शिक्षण पुरे होत नाही. त्याच्या बाकावर कोण बसतो, तो कोणाशी वाद घालतो, कोणाच्या डब्यातला घास खातो, यालाही शिक्षणात मोठा वाटा आहे. आपला मुलगा आपल्यासारख्यांतच राहावा, असे ज्या आईबापांना वाटते, त्यांनी टेक्सासच्या त्या २३ विद्यार्थ्यांचे महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. आपण आपल्याच हातांनी मुलाभोवती कठडा तर उभा करीत नाही ना?

दुसरी गोष्ट आपल्या मंडळासाठी. ज्ञातिसंस्था असावी की नसावी, याची चर्चा नेहमी होते. हॉवर्ड विद्यापीठाकडे पाहा. इतरत्र दारे बंद म्हणून ते उभे राहिले. पण त्याचे स्वतःचे दार आरंभापासून कोणाही वर्णाच्या माणसाला बंद नव्हते. आणि त्याने आपल्या मुलांना आपल्याच चार भिंतींत सुखाने राहावयास शिकविले नाही. साऱ्यांसाठी दारे उघडणारे वकील घडवून बाहेर धाडले. आपल्याकडेही राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी जी वसतिगृहे काढविली, त्यांचा हेतू मुलाला गावातून उचलून मोठ्या जगाच्या शाळेत पोहोचविणे हाच होता. ज्ञातिसंस्था ही पायरी असेल तर ती शोभते. कुंपण झाली तर ती लाजिरवाणी ठरते. आपला शिष्यवृत्ती निधी दरवर्षी वाढतो आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या निधीचा एक हिस्सा आपल्या ज्ञातीबाहेरील गरजू मुलामुलींसाठी राखून ठेवावा, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो आणि येत्या सर्वसाधारण सभेत ती रीतसर विचारार्थ घ्यावी, अशी कार्यकारी मंडळास विनंती करतो. ही सूचना सर्वांना रुचेल, असे नाही. तथापि जी गोष्ट साऱ्यांना आयतीच रुचते, ती सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नसते.

तरुण मित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या मोठ्या शहरांत, परदेशांतही शिकावयास जाल. तेथे तुमच्यासाठी दार उघडे असेल. ते उघडे असावे म्हणून कोणी कोणी काय सोसले, हे विसरू नका. आणि वर्गात गेल्यावर एखादा मुलगा कोपऱ्यात एकटा बसलेला दिसला, तर त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका. न्यायालयाने सांगितलेच आहे की, कठडा काढणे कायद्याचे काम. त्यापुढचे काम तुमचे.